तेरा नंबरसमोरची मारुती

१

माझी गाडी गेली तेव्हा मी घोरत होतो, असं आमची हेमलता जगाला सांगत सुटली आहे. साफ खोटं आहे. मी नुसता पडलो होतो. दुपारी दोनला जेवून पडलो, चारला उठलो, पायजम्यावर शर्ट चढवून फाटकाबाहेर आलो, तर माझ्या क्रीम रंगाच्या मारुतीच्या जागी एक लाल इंडिका उभी!

दोन हजार सहाचा डिसेंबर, शुक्रवार. जागा म्हणजे मद्रासच्या टी. नगरातली, पाँडी बाजाराच्या मागची आमची गल्ली, घर नंबर तेरा. मी पुरुषोत्तम आठल्ये, मूळचा चिपळूणचा. अंबत्तूरच्या एका ब्रेकच्या कारखान्यात तीस वर्षं तपासणी खात्यात काढली. केसाएवढी चीर मी भिंगाशिवाय पकडायचो. मी एखाद्या मालाला लाल चिठ्ठी लावली, की ती काढायची मॅनेजरच्या बापाची टाप नव्हती. आणि माझ्याच फाटकासमोरून माझी गाडी जाते म्हणजे काय!

"मानाजीराव!" मी ओरडलो.

मानाजीराव घाडगे आमच्या गल्लीचे पार्किंगवाले. तंजावरकडचे मराठे, पलटणीतून हवालदार म्हणून सुटलेले. गेली बावीस वर्षं खाकी शर्ट, गळ्यात शिट्टी आणि बसायला एक लोखंडी स्टूल एवढ्यावर गल्ली सांभाळत होते. माणूस चोख, पण एक खोड वाईट. हाक मारली तर सरळ यायचे नाहीत. आतासुद्धा "आलो साहेब" हा आवाज माझ्या डावीकडून आला आणि स्वारी पाठीमागून वळसा घालून उगवली उजवीकडून.

"माझी गाडी कुठाय?"

त्यांनी इंडिकाकडे पाहिलं, मग स्वतःच्या चपलांकडे. "इथं दिसत नाही की, साहेब."

"ते मलाही दिसतंय! बावीस वर्षांत गल्लीतून एक गाडी हरवली नाही म्हणून मिशांना पीळ देता ना? आता काय करता?"

मानाजीरावांनी गळ्यातली शिट्टी नुसती चाचपली. चावी तर माझ्या खिशात होती. अर्थात आमच्या गल्लीत चावीला कोण विचारतो? इथे गाड्या चालतात कमी आणि ढकलल्या जातात जास्त. साड्या-दागिने घ्यायला येणाऱ्यांची इतकी रीघ असते की गाडी लावताना चाकं सरळ ठेवायची, गिअर काढायचा, हँडब्रेक सोडायचा, असा रिवाजच आहे. मग मानाजीराव गरजेप्रमाणे कुणाची पुढे, कुणाची मागे ढकलून जागा करतात.

पण ढकलून ढकलून नेणार कुठे? गल्लीला दोन तोंडं. एका तोंडाशी मोठं साडीदुकान, त्याचा दरवान सतत दारात. दुसऱ्या तोंडाशी रिक्षांचा थांबा. दोन्हीकडे जाऊन मी खडसावून विचारलं. क्रीम मारुती, पंधरा वर्षं जुनी, मागच्या काचेवर गणपती. दरवान म्हणाला, "नाही सार, शपथ." रिक्षावाले म्हणाले, "तुमची गाडी आम्ही लांबूनच ओळखतो, सार, आणि रिक्षा बाजूला घेतो." हे काय बोलणं झालं? पण गाडी तिकडून गेली नव्हती एवढं नक्की.

मी गल्ली या टोकापासून त्या टोकापर्यंत दोनदा पिंजून काढली. दमून अकरा नंबरसमोरच्या झाकलेल्या फियाटला टेकलो. अकरा नंबरवाले राघोत्तमराव मार्गळी, म्हणजे इथल्या मार्गशीर्ष महिन्यापुरते लेकीकडे श्रीरंगमला गेले होते, आणि त्यांची ती फियाट दोन वर्षं करड्या खोळीखाली जागची हललेली नव्हती. निघताना त्या खोळीच्या लोळणाऱ्या काठात पाय अडकून मी तोंडावर आपटता आपटता वाचलो.

गाडी गल्लीबाहेर गेली नव्हती. आणि गल्लीत ती नव्हती.

२

पोलिसांत तक्रार दिली. फौजदार म्हणाले, जुनी मारुती कोण नेतो, सोमवारपर्यंत वाट बघा.

सोमवारपर्यंत! मला गाडी रविवारी हवी होती. मुलगा अथर्व पेरुंगुडीला आयटीत. त्याची लेक इरा सहा वर्षांची. तिला मी रविवारी महाबलीपुरमला नेणार होतो, फक्त आम्ही दोघं, माझ्या गाडीतून. महिनाभर गल्लीतल्या प्रत्येकाला माझं हे सांगून झालं होतं. हेमलता म्हणत होती, "अहो, आधी डोळे दाखवून घ्या, मग न्या पोरीला." मी म्हटलं, ज्यानं तीस वर्षं केसाएवढी चीर पकडली त्याला डोळे दाखवायला सांगतेस?

रागाच्या भरात मी शुक्रवारी संध्याकाळीच महापालिकेला एक पत्र खरडलं. "आमच्या गल्लीचे पार्किंग सेवक श्री. मानाजीराव घाडगे यांच्या निष्काळजीपणामुळे माझी गाडी चोरीस गेली." कारण सोमवारी सकाळी दहाला अधिकारी येणार होत्या. गल्लीचं पार्किंग मानाजीरावांकडे ठेवायचं की चिठ्ठी देणारं यंत्र बसवणाऱ्या कंपनीकडे द्यायचं, याचा निकाल तेव्हाच लागणार होता. त्या कंपनीचा माणूस कुशल, नाशिकचा तरुण पोरगा, योगायोगानं गल्लीतच भेटला.

"काका, द्या ना, मीच पोचवतो," कुशल म्हणाला आणि पत्र त्यानं खिशात घातलंसुद्धा.

हे हेमलतेला कळलं तेव्हा ती कपाळाला हात लावून बसली. "अहो, त्यांची नोकरी जाईल! ह्या वयात कुठे जातील ते?" मग म्हणाली, "भांडायला धावता, तसे जरा अलकनंदाबाईंकडे जा."

अलकनंदाबाई समोरच्या चौदा नंबरात राहतात. चौऱ्याहत्तर वय, मुलींच्या शाळेत पस्तीस वर्षं भूमिती शिकवलेली. याही तंजावरच्या, पण त्यांचं मराठी तीनशे वर्षांपूर्वी तिकडे गेलेलं, त्यामुळे ऐकताना वाटतं एखादी बखरच बोलतेय. गल्लीत काही हरवलं की माणसं त्यांच्याकडे जातात. शुक्रवारी दुपारी मात्र त्या संगीत सभेतल्या फुकटच्या कचेरीला, म्हणजे गाण्याच्या मैफलीला, गेल्या होत्या, नाहीतर खिडकीतून त्यांना सगळं दिसलं असतं.

शनिवारी सकाळी मी त्यांच्यापुढे अर्धा तास तणतणलो. गल्लीत कशी बेशिस्त माजली आहे, माझ्या गाडीला डाव्या अंगाला कोण कसे ओरखडे काढून जातं, डावा आरसा दोनदा कसा फोडला, अस्सं सगळं. "आणि बुधवारचं ऐका! पहाटे मरीनावर फिरून आलो, गाडी लावतोय, तर ती अलमेलू, तुमची ती पिठाची रांगोळी, कोलम, काढणारी, डावीकडून एकदम उगवली. पिठाचा डबा माझ्या चाकाखाली चपटा! बाई वाचली हे तिचं नशीब. रस्त्यात बसतात आणि वर माझ्याकडे डोळे फाडून बघतात. मानाजीराव तर असे पांढरे पडले, जसं काही कोणी मेलंच."

बाई ऐकत होत्या. मग एकच विचारलं. "शुक्रवारी सकाळी तुम्ही बाहेर पडलात तेव्हा राघोत्तमची फियाट तिथं होती?"

"असणारच. दोन वर्षं आहे."

"असणारच, हे भूमितीत चालत नाही. पाहिलीत?"

"अहो बाई, माझी मारुती गेली आहे, फियाट नाही!"

"सरी, सरी, बरं," म्हणत त्यांनी चष्मा पुसला. मी उठलो. अर्ध्या तासात बाईंनी कॉफीसुद्धा दिली नाही. मद्रासच्या घरात असं कधी होत नाही, त्यामुळे मला जरा लागलंच ते. त्या दारापर्यंत आल्या आणि माझ्या खुर्चीकडे वळून बघत म्हणाल्या, "आठल्ये, तुमची गाडी कोणी नेली ते नंतर बघू. ती नेऊन कोणाचं काय साधलं, ते आधी बघायला हवं."

३

साधणार कोणाचं? माझ्याकडे यादी तयार होती.

पहिला कुशल. दुपारी बाईंनी त्याला बोलावला आणि समोर चकलीसारखे मुरुक्कू ठेवले. पोरगा बिनधास्त होता. "खरं सांगू आजी? एक गाडी हरवली की आमचं काम सोपं होतं. पण मी कशाला हरवू? शुक्रवारी मी गल्ली मोजायला आलो होतो, फोटो काढले, साडेबाराला गेलो, तो संध्याकाळीच परत आलो." त्यानं आपला डिजिटल कॅमेरा बाईंच्या हातात दिला.

त्या छोट्या पडद्यात बाईंनी बराच वेळ डोकं घातलं. मलाही दाखवला. माझी मारुती होती! फुटपाथपासून हातभर लांब, वाकडी उभी. कोणीतरी ढकलली असणार, मी अशी लावत नाही. पुढे मानाजीराव स्टुलावर बसलेले.

"बारा वाजून चौदा मिनिटं," बाई म्हणाल्या. "मानाजी कुठं बसलाय?"

"उन्हात! पलीकडे पुंगाच्या झाडाची सावली सोडून. डोकं फिरलंय त्यांचं."

"होय. बावीस वर्षं तो सावलीत बसला," बाई म्हणाल्या आणि कॅमेरा परत केला.

दुसरा श्रीनिधी, साडीदुकानाचा मॅनेजर. यालाच गल्लीतली जागा सगळ्यात जास्त हवी असते. मानाजीरावांशी त्याची रोज जुंपते. हा बाईंचा लांबचा नातेवाईक, पण मराठी बोलताना अडखळतो आणि मग तमिळमध्ये घुसतो. त्याला मी सरळच विचारलं, "क्रीम मारुती नेताना कोणाला पाहिलंस?"

"नाही अंकल. मी मानाजींशी भांडत होतो. माझ्या एका कस्टमरची मोठी गाडी होती. जागा मोकळी होती तरी त्यांनी दिली नाही. म्हणाले, ही धरून ठेवली आहे."

"मोकळी जागा? आमच्या गल्लीत? मार्गळीत, दुपारी?" मी हसलो. श्रीनिधीच्या थापा मला ठाऊक आहेत.

बाई हसल्या नाहीत. "श्रीनिधी, दुपारी दोनच्या पुढं कोणी गाडी ढकलताना पाहिलंस?"

"गाडी नेताना नाही पाहिलं..."

"ढकलताना, विचारते."

"ते तर मानाजी. ते दिवसभर ढकलतात, आत्या. त्यात काय पाहायचं?"

आता मला यादीत एकच नाव दिसत होतं. कुशल साडेबाराला गेला, श्रीनिधी भांडत होता. उरले मानाजीराव. जागा कोणासाठी तरी धरली, कोणाशी तरी संगनमत केलं आणि गाडी विकली! मी तिथल्या तिथे उठलो.

"बसा," बाई म्हणाल्या. शाळेतल्या मुलींना म्हणत असतील तशाच म्हणाल्या. मी बसलो. "मानाजीनं विकली म्हणता, तर गल्लीबाहेर कशी नेली? उडवली काय? उद्या पहाटे साडेपाचला अकरा नंबरसमोर या. अलमेलू तेव्हाच येते. तिला विचारायचं राहिलंय. आणि मानाजीला तोपर्यंत एक शब्द बोलायचा नाही."

४

रविवारी पहाटे गारवा होता. कुठल्यातरी देवळात भजन चाललं होतं. अलमेलू अकरा नंबरची पायरी झाडून पाणी शिंपडत होती. मला पाहिल्यावर ती पिठाचा नवा डबा उचलून दोन पावलं मागे सरली. माझ्यावर असला अविश्वास!

फाटक आणि फियाट यांच्यामधल्या वीतभर पट्टीत ती ठिपके मांडू लागली आणि तमिळमध्ये कुरकुरू लागली. "मार्गळीत एवढासा कोलम घालायचा म्हणजे लाज वाटते, अम्मा. शुक्रवारी पहिल्यांदा जागा मिळाली म्हणून एकवीस ठिपक्यांचा घातला, मध्ये भोपळ्याचं फूल ठेवलं. दुसऱ्या दिवशी येते तर गाडी परत हजर."

"कुठली गाडी परत?" बाईंनी विचारलं.

"हीच. फियाट. शुक्रवारी पहाटे पाचला मेकॅनिक ओढून घेऊन गेला ना! राघोत्तम सारांनी फोनवरून विकली. खोळ तेवढी फाटकावर टाकून गेला. मला वाटलं, व्यवहार मोडला असेल, आणून ठेवली असेल परत."

"आणि हे अजून कोणाला ठाऊक होतं?"

"मानाजी अण्णांना. त्यांनीच त्याला ढकलायला हात दिला."

बाईंनी पदर खोचला. चौऱ्याहत्तर वर्षांची ती बाई गुडघ्यांवर बसली, खोळीचा काठ उचलला आणि आत बॅटरी मारली. "आठल्ये, इकडं या. खाली बसा. काय दिसतं?"

मी बसलो. गाडीच्या पोटाखाली, चार चाकांच्या मधोमध, पांढऱ्या रेघांचा भला मोठा कोलम होता. ठिपके जागच्या जागी. मधोमध सुकलेलं भोपळ्याचं फूल. फक्त चाकांच्या दोन वाटांवर रेघा पुसलेल्या.

"दोन वर्षं न हललेल्या गाडीच्या पोटाखाली परवाचा कोलम," बाई म्हणाल्या. "आता दुसरं. तेरा फूट लांब फियाटची ही खोळ. बघा कशी लोळते. हिच्याखाली अकरा फुटांची गाडी आहे. तुमचा पाय ह्यात अडकला तेव्हाच तुमच्यातल्या तपासनिसाला कळायला हवं होतं, होय की नाही?"

मी खोळ ओढली. मागच्या काचेवरच्या गणपतीनं माझ्याकडे पाहिलं.

माझी मारुती! माझ्या फाटकापासून जेमतेम एका गाडीच्या अंतरावर. आणि शुक्रवारी संध्याकाळी मी हिलाच टेकून हिच्या चोराला शिव्या घालत होतो!

"सरळ रेघ," बाई म्हणाल्या. "गाडी तेरा नंबरसमोर, तोंड अकराकडे. मध्ये फक्त फाटक. चाकं सरळ, गिअर काढलेला, ब्रेक सोडलेला. चावी नको, स्टिअरिंग नको. एका माणसानं दोन मिनिटं ढकलायचं आणि खोळ घालायची. ज्याला ढकलताना कोणी वळूनसुद्धा बघत नाही, जो सकाळपासून उन्हात स्टूल टाकून ती जागा धरून बसला होता, असा माणूस गल्लीत एकच."

"हरामखोर!" मी ओरडलो. "बोलवा त्याला!"

"बोलवायला नको," बाई म्हणाल्या. "तुमच्या डाव्या हाताला उभा आहे. केव्हाचा."

५

मी मान पूर्ण वळवली. मानाजीराव खरंच उभे होते. स्टूल हातात, मान खाली.

"का?" मी विचारलं. "मी तुमचं काय वाकडं केलं होतं?"

बाईच बोलल्या. "मी सांगते. चोर गाडी लांब नेतो. मानाजीचा वैरी असता तर त्यानंही लांबच नेली असती. ह्यानं तिला जवळ ठेवली, धूळ बसू नये म्हणून झाकली, चाकाखाली दगड लावला, आरसा दुमडून ठेवला. म्हणजे परत द्यायची होती. कधी? अधिकारी सोमवारी दहाला येणार, त्याच्या आत. मग मधल्या दिवसांत काय होतं?"

"रविवार," मी म्हणालो. आणि मग हळूच म्हणालो, "इरा."

"आठल्ये, काल माझ्याकडं कॉफी का घेतली नाहीत?"

"दिलीत कुठे तुम्ही?"

"पितळी डबरा-पेल्यात घालून तुमच्या डाव्या कोपराशी ठेवली होती. वीतभरावर. तुम्ही उठलात तेव्हा वर साय धरली होती. आधी वाटलं, रागानं घेतली नाही. मग ओरखडे अस्की, सगळे डाव्या अंगाला, आरसा डावा, अलमेलू डावीकडून उगवली, आणि शुक्रवारी सकाळी डाव्या हाताची आख्खी फियाट गेली ती तुम्हाला कळली नाही. तेव्हा त्या कॉफीचा अर्थ लागला."

मी उजवा डोळा हातानं झाकला. भजन ऐकू येत होतं, पण गल्ली नव्हती. एखाद्या नळीतून बघावं तसा समोरचा फाटकाचा एक तुकडा तेवढा होता. मी हात काढला, परत झाकला. तीस वर्षं मी दुसऱ्यांच्या मालाला लाल चिठ्ठ्या लावल्या आणि स्वतःची तपासणी एकदाही केली नाही. मला भीती वाटली.

"साहेब," मानाजीराव पहिल्यांदा बोलले, "सहा महिन्यांपासून बघतो आहे. गाडी लावण्यावरून माणूस कळतो की. दोनदा सांगितलं, डोळे दाखवा म्हणून. तुम्ही म्हणालात, पार्किंगवाल्यानं मला शिकवू नये."

म्हणालो होतो. अक्षरशः तसंच म्हणालो होतो.

"बुधवारी अलमेलूचा हात आणि तुमचं चाक, मध्ये एवढंच होतं." त्यांनी चार बोटं दाखवली. "आणि रविवारी तुम्ही त्या लेकराला घेऊन त्या रस्त्यावर जाणार. लॉऱ्या, बसेस. मला झोप नाही लागली, साहेब. शुक्रवारी फियाट गेली, जागा मोकळी जाहली. म्हटलं, रविवार तेवढा टळू दे. सोमवारी पहाटे खोळ काढून टाकणार होतो."

"आणि तुमची नोकरी? बावीस वर्षं एक गाडी हरवली नाही, हे नाव?"

"ते गेलं असतं," मानाजीराव म्हणाले. "काय करता?"

आणि मी? मी त्यांच्या नावानं पत्र लिहून दिलं होतं, तेही यंत्र कंपनीच्या माणसाच्या हातात. कुशलचा फोन नंबर माझ्याकडे नव्हता. पत्र एव्हाना पोचलं असणार.

६

रविवारी इरा आणि मी बसनं महाबलीपुरमला गेलो. ती खिडकीशी, माझ्या डाव्या बाजूला बसली आणि वाटेत काय काय दिसतं ते मला सांगत राहिली. त्यातलं निम्मं मला दिसलं नसतं. संध्याकाळी फौजदारांना जाऊन सांगितलं की गाडी सापडली. ते म्हणाले, बघा, म्हटलं नव्हतं?

सोमवारी दहाला अधिकारी बाई आल्या. हातात फाइल, मागे कुशल, दुकानाच्या पायरीवर श्रीनिधी. निम्मी गल्ली गोळा झाली होती. मानाजीराव इस्त्रीचा शर्ट घालून सावधान उभे होते. चेहरा कोरा.

अधिकारी बाईंनी फाइल उघडली. "तक्रार आली आहे. शुक्रवारी दिवसाढवळ्या या गल्लीतून गाडी चोरीला गेली. सेवकाचा निष्काळजीपणा. लिहिणारे मिस्टर आठल्ये कोण?"

"मी," मी पुढे झालो. हेमलता फाटकात उभी होती. अलकनंदाबाई खिडकीत.

"मॅडम, ती तक्रार चुकीची आहे. गाडी गल्लीबाहेर गेलीच नव्हती. ती बघा, अकरा नंबरसमोर आहे. तेरासमोर लावतो ती एका जागेनं पुढे होती, एवढंच. ती मला दिसली नाही. मी तिला टेकून उभा राहिलो तरी दिसली नाही."

कोणीतरी हसलं.

"हसा," मी म्हणालो. "मला डाव्या बाजूचं दिसत नाही. किती दिवसांपासून, तेही सांगता येत नाही, कारण मी मान्यच करत नव्हतो. उद्या डोळ्यांच्या डॉक्टरकडे चाललोय. पत्रातला निष्काळजीपणा हा शब्द खरा आहे, फक्त नाव चुकलंय. तिथे माझं नाव घाला."

कुशलच्या हातात कॅमेरा होता, आणि त्या कॅमेऱ्यात ती मोकळी जागा, तो कोलम, ते स्टूल, सगळं होतं. त्यानं एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा मानाजीरावांकडे. मग कॅमेरा खिशात टाकला.

"म्हणजे बावीस वर्षांत एकही गाडी गेलेली नाही?" अधिकारी बाईंनी विचारलं.

"एकही नाही," श्रीनिधी पायरीवरून ओरडला. "आणि मॅडम, यंत्र चिठ्ठी देईल. गाडी कोण ढकलणार?"

अधिकारी बाई हसल्या. माझं पत्र त्यांनी फाइलमधून काढून माझ्या हातात दिलं आणि पुढच्या पानावर काहीतरी लिहिलं. गल्ली आणखी तीन वर्षं मानाजीरावांकडे राहणार होती. यंत्र पुढच्या मोठ्या रस्त्याला लागेल, असं त्या कुशलला म्हणाल्या.

गर्दी पांगली. खिशातून मारुतीची चावी काढून मी हाक मारली, "मानाजीराव!"

"आलो, साहेब." आवाज डावीकडून, अगदी जवळून आला. दोन पावलांवरून. आणि मग चपला माझ्या पाठीमागून फिरताना ऐकू आल्या, आणि ते येऊन उजवीकडे उभे राहिले, जिथे मला दिसतील तिथे. सहा महिने हा माणूस असाच वळसा घालून येत होता आणि मी त्याला खोड म्हणत होतो.

मी चावी त्यांच्या हातावर ठेवली.

"असू दे, साहेब," मानाजीराव म्हणाले. "चाकं तेवढी सरळ ठेवली होतीत तुम्ही."